आढीचा वास

आंब्याचा हंगाम आला की आमच्या घरातला वासाचा साबण कपाटात जायचा. शिमग्याच्या पालख्या घरोघर फिरून देवळात परतल्या की आई चंदनाची वडी उचलून ठेवायची आणि अंगाला लावायला कपड्यांचा साबण यायचा. पावडर बंद, डोक्याला तेल बंद. देवाला उदबत्ती नाही, नुसतं निरांजन. मासे तळायचे ते घराच्या मागच्या अंगाला चूल मांडून, आणि वारा बागेकडे वाहत असेल तर नुसतं कालवण. बाबा वर्षभर तपकीर ओढत, पण हंगामाचे दोन-अडीच महिने त्यांची डबीही आईच्या ताब्यात असे. शेजारी आम्हाला हसत. आई म्हणायची, इथे दोन महिने नाकाचं राज्य आहे, तुम्ही पावसाळ्यात या जेवायला.

ते नाक बाबांचं. माझ्या वडिलांचं.

गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरून आत वळलं की थोडा कातळ लागतो आणि मग आमची बाग. हापूसची साठेक कलमं, चार पायरीची, आणि कडेला आंबे पिकवायला बांधलेली चिऱ्याची बैठी खोली. तिला आम्ही मांगर म्हणतो. आमची गिऱ्हाइकं ठरलेली होती आणि त्यांना आंबा पिकवूनच द्यायचा, असा बाबांचा हट्ट होता. मांगरात जमिनीवर भाताचा पेंढा पसरायचा, त्यावर आंब्यांचा थर, वर पुन्हा पेंढा, पुन्हा थर. ही झाली आढी. आत आठ-दहा दिवस फळ ऊब धरून पिकतं. मधेच एखादं देठाकडून कुजायला लागलं तर ते वेळेवर काढावं लागतं, नाहीतर शेजारची चार नासवतं. पण सारखी आढी उसकटली तर ऊब जाते. म्हणून आमच्याकडची रीत अशी, की सकाळी बाबांनी वास घेतल्याशिवाय आढीला कुणी हात लावायचा नाही.

ते चूळ भरून, चहा न घेता मांगराकडे जायचे. कुलूप उघडून उंबऱ्यात उभे राहायचे, डोळे मिटून. मग म्हणायचे, उजवीकडे भिंतीशी, वरच्या थरात बघा. तिथे ते फळ असायचंच. मी सातवीत असताना एकदा केसांत सुरंगीचा गजरा माळून मांगराच्या दारात गेले. त्यांनी मागे वळूनही न बघता मला परत पाठवलं. मी रडत घरी आले आणि आईने गजरा काढून देवाला वाहिला. मला तेव्हा त्यांचा राग आला आणि त्याच वेळी अभिमानही वाटला, कारण माझ्या वर्गातल्या दुसऱ्या कुणाच्या वडिलांना मागून येणारा गजरा कळत नव्हता.

हे सगळं इतकं सविस्तर सांगते आहे, कारण याच दारात उभं राहून मी त्यांना एक वाक्य बोलले. त्याला आता अकरा वर्षं झाली. ते वाक्य मला परत घ्यायचं होतं आणि ते कसं घ्यायचं हे मला इतकी वर्षं कळलं नाही.

मी रत्नागिरीत शाळेत विज्ञान शिकवते. त्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत माहेरी गेले होते. पुण्याहून आमचं एक जुनं गिऱ्हाईक सहकुटुंब गाडी घेऊन आलं होतं, घरात साखरपुडा होता, त्यांना पेट्या हव्या होत्या. बाबा त्यांना घेऊन मांगराकडे गेले, मागून मी सरबताचे पेले घेऊन. दाराच्या दहा पावलं अलीकडेच मला वास आला. आंबूस, गोड, डोक्यात जाणारा वास. आणि बाबा आत, आढीशेजारी, शांतपणे पाहुण्यांना सांगत होते की या वर्षी माल एकदम खणखणीत आहे. माझ्या धाकट्या भावाने पेंढा बाजूला केला. एक अख्खा कोपरा कुजून बसला होता. रस पेंढ्यातून जमिनीवर उतरला होता.

माझी जीभ पहिल्यापासून तिखट. ती नवऱ्याने सोसली आहे, विद्यार्थ्यांनी सोसली आहे. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हणाले, "रस्त्यापर्यंत वास येतोय, बाबा. तुम्ही नाक कुठे ठेवून आलात?"

बाबांनी खांद्यावरच्या पंच्याला हात पुसले. "सर्दी झाली असेल," म्हणाले. पाहुणे भले होते, असं होतं कधीकधी म्हणाले, आणि जेवढ्या पेट्या चांगल्या निघाल्या तेवढ्या घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मांगराची किल्ली भावाच्या हातात दिली. त्यानंतर ते बागेत जायचे, कलमांखालचा पाला काढायचे, पेट्यांवर नावं घालायचे, पण मांगराचा उंबरा त्यांनी ओलांडला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, त्या वर्षी माझं लक्ष नव्हतं, आता पोरगा बघतो. मला वाटलं होतं आठ दिवसांत राग जाईल. तो राग नव्हताच. ते मनातून खचले होते, आणि मी त्याला रुसवा समजत होते.

पेट्यांवरच्या नावांवरून मला काहीतरी बिनसल्याचं कळायला हवं होतं. बाबांचं अक्षर मोठं, टपोरं. ते दर वर्षी थोडं बारीक होत गेलं. शेवटी तर मुंबईच्या एका गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं, पेटीवर मुंगीने लिहिलंय का? आम्ही सगळे हसलो, बाबाही हसले. मग शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागला. चालताना उजवा हात हलेना, आणि बसले की तोच हात मांडीवर आपला आपण हलायला लागला, जशी कुणी तपकिरीची चिमूट चोळावी तशी बोटं. भाऊ त्यांना कोल्हापूरला घेऊन गेला. तिथे पार्किन्सन हा शब्द आमच्या घरात आला. आई अजून त्याला 'ते कोल्हापूरचं' म्हणते.

आजार म्हटला की माणसं एकतर देवाकडे जातात नाहीतर पुस्तकांकडे. मी इंटरनेटवर गेले. शाळेत रिकाम्या तासाला सगळ्या बाई भाजीचे भाव बोलत असताना मी मोबाईलवर पार्किन्सनवरचं संशोधन वाचत बसे. सुरुवातीला मला एकच हवं होतं, बरं कधी होणार? आणि दर दोन महिन्यांनी कुठल्यातरी प्रयोगशाळेतला उंदीर बरा होत होता. मी उत्साहाने बाबांना सांगायची. ते चौथ्या-पाचव्या उंदरानंतर म्हणाले, "उंदरांचं छान चाललंय. माणसांचा नंबर लागला की सांग." मग मी उंदीर सांगणं बंद केलं.

नातेवाईकांचं संशोधन वेगळंच. माझ्या आत्याने लांज्याहून खाजकुयलीच्या बियांची पूड पाठवली. मी हसणार होते, पण वाचलं तर खरंच, बाबांच्या गोळीत जे औषध आहे तेच त्या बीमध्ये निसर्गतः असतं, आणि शास्त्रज्ञही तिच्याकडे गंभीरपणे बघतायत. फक्त कुठल्या बीमध्ये किती हे घरात बसून मोजता येत नाही, आणि गोळी चालू असताना वरून पूड घेणं धोक्याचं. पुडी तशीच फळीवर राहिली. बाबांचं म्हणणं, ज्या शेंगेची कूस अंगाला लागली की माणूस कातळावर नाचतो, ती आपली थरथर थांबवणार म्हणजे कमालच आहे.

असं वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, की संशोधनाचा रोखच हळूहळू बदलतो आहे. पूर्वी सगळा भर थरथरणाऱ्या हातावर होता. आता शास्त्रज्ञ हातापासून मागे मागे चाललेत. हात थरथरायला लागतो तोवर मेंदूतल्या बऱ्याच पेशी गेलेल्या असतात, मग आजाराची सुरुवात कुठे झाली? कुणी आतड्यात बघतंय, कारण बद्धकोष्ठ आधी कितीतरी वर्षं असतं. कुणी झोपेत हातपाय झाडणाऱ्या माणसांकडे बघतंय. एका प्रथिनाच्या गुठळ्या पाठीच्या कण्यातल्या पाण्यात, कातडीत सापडतात का हे कुणी तपासतंय. आणि कितीतरी जण नाकाकडे वळलेत. वास न येणं हे हाताच्या थरथरीच्या आधी, काही वेळा खूप वर्षं आधी, सुरू होतं.

हे मी स्टाफरूममध्ये वाचलं. शेजारच्या बाई मला चहा हवा का विचारत होत्या आणि मला ऐकू येत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर मांगराचं दार होतं. आठवीच्या मुलांना मी दर वर्षी नाकाची आकृती काढून शिकवते. वासाची नस कुठून निघते ते फळ्यावर दाखवते. आणि माझा बाप कुजलेल्या आढीशेजारी निर्धास्त उभा होता, तेव्हा मला शास्त्र आठवलं नाही, टोमणा आठवला.

ते बाबांना सांगावं की नाही, याचा मी वर्षभर विचार केला. सांगितलं तर चूक तुमची नव्हती हे कळेल. पण त्याबरोबर हेही कळेल, की तेव्हापासूनच आजार अंगात होता आणि घरातल्या शिकलेल्या मुलीला पत्ता नव्हता. खरं सांगायचं तर मला दुसऱ्या भागाची जास्त भीती होती. मी गप्प बसले आणि त्याला बाबांची काळजी असं नाव दिलं.

रत्नागिरीत महिन्यातून एकदा मुंबईहून मेंदूविकाराच्या एक डॉक्टर येतात. माझ्यापेक्षा वयाने लहान, बोलायला मोकळ्या. बाबांना दर वेळी कोल्हापूर झेपेना, म्हणून आम्ही त्यांच्याकडे जाऊ लागलो. गेल्या वर्षी त्यांनी एक वासाची पुस्तिका आणली होती. प्रत्येक पानावर एक पट्टी, ती पेन्सिलीने खरवडायची, हुंगायची आणि चार पर्यायांतला एक निवडायचा. अशा चाचण्या आता पुष्कळ ठिकाणी वापरतात. बाबांनी पानामागून पान हुंगलं आणि प्रत्येक वेळी शांतपणे नाही म्हणून मान हलवली. डॉक्टर म्हणाल्या, तुलनेसाठी आईंनाही करू द्या.

माझ्या आईचं नाक इतकं शाबूत आहे, की शेजारणीने सुकट किती दिवसांची आणली ते तिला कुंपणाअलीकडून कळतं. तीही निम्म्या पानांवर चुकली. एका पट्टीवर ती ठामपणे म्हणाली, हे कंबरेला लावायचं मलम. पर्यायांत मलम नव्हतं, कुठलंसं परदेशी पेय होतं. दुसऱ्या एका फळाचं तर तिने नावही ऐकलं नव्हतं. ती डॉक्टरांवरच रागावली, की न खाल्लेल्या वस्तूचा वास ओळखायचा कसा? डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या, आईंचं बरोबर आहे, चूक पुस्तिकेची आहे. इथल्या माणसांसाठी इथल्या वासांची चाचणी हवी.

मग त्या बाबांकडे वळल्या आणि नेहमीचा प्रश्न विचारावा तसं विचारलं, "काका, वास येत नाही हे तुमच्या पहिल्यांदा लक्षात कधी आलं?"

आई म्हणणार होती, अलीकडेच. मी तोंड उघडणार होते. बाबांचा आवाज आता खोल गेलाय, त्यांचं बोलणं ऐकायला पुढे वाकावं लागतं. ते म्हणाले, "त्या आढीच्या आधी दोन हंगाम."

कुठली आढी हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. आम्हा तिघांना होतं. त्यांनी विचारल्यावर बाबांनी थांबत थांबत सांगितलं. आधी पायरी आणि हापूस यांचा वास एकच यायला लागला. मग नुसता पेंढ्याचा. मग तोही गेला. दोन वर्षं ते उंबऱ्यात पूर्वीसारखेच डोळे मिटून उभे राहायचे, पण खरं काम हात करत होता. आम्ही कुणी नसताना ते पेंढ्यात बोटं खुपसून बघायचे, कुठे ऊब जास्त लागते. जिथे जास्त तिथे कुजतंय. तेवढ्यावर त्यांनी दोन हंगाम निभावून नेले. तिसऱ्या वर्षी हातालाही नीट कळेना.

डॉक्टर म्हणाल्या, घरी का नाही सांगितलं? बाबांनी आईकडे बघितलं.

"तपकीर," ते म्हणाले. "चाळीस वर्षं ओढली. ही रोज सांगायची, नाक जाईल. गेलं. सांगणार कुणाला?"

त्यांनी तेव्हाच तपकीर सोडली होती. नाक परत येईल म्हणून वाट बघत होते. पण एकदम सोडली तर आई कारण विचारणार, म्हणून डबी खिशात तशीच ठेवली. चारचौघांत ती काढायची, रिकाम्या डबीत चिमूट घालायची आणि नाकाशी न्यायची. हंगामात ती आईकडे द्यायची वेळ आली की तेवढ्यापुरती भरायची. असं किती वर्षं केलं कुणास ठाऊक. आईने पुढे होऊन त्यांच्या थरथरत्या हातावर हात ठेवला. ती एवढंच म्हणाली, "रिकामी ओढत होतात?" आणि पदराने डोळे पुसायला लागली.

डॉक्टर पटकन बोलल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. दुसऱ्या कुणी, तुमची काहीच चूक नव्हती, असं सरळ छातीठोक सांगितलं असतं आणि बाबांनी ते औदार्य म्हणून सोडून दिलं असतं. त्या म्हणाल्या, तपकिरीने नाकाला काहीच होत नाही असं त्या म्हणणार नाहीत. नाक आधी का जातं हेही अजून कुणाला पुरतं उलगडलेलं नाही. पण पुढे जे घडत गेलं, ते सगळं एकत्र ठेवून पाहिलं तर त्यांना वाटतं की हा आजार आधी नाकात आला आणि हातात नंतर. शंभर टक्के खात्री कुणीच देणार नाही. "पण हा हलगर्जीपणा नव्हता, काका. एवढं मी नक्की सांगते."

या आजारात चेहरा हलत नाही, म्हणून बाबांच्या मनात काय आहे ते चटकन कळत नाही. ते म्हणाले, "हे कागदावर लिहून द्याल?"

डॉक्टरांनी केसपेपरवर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून दिलं. बाबांनी तो कागद शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. मला तेव्हाच म्हणायचं होतं, बाबा, मी बोलले ते चुकलं. पण मी रिक्षा बघते म्हणून बाहेर गेले. परतताना रिक्षात ते एकदाच बोलले. "म्हणजे आजाराने तेव्हाच धरलं होतं म्हणायचं," असं म्हणाले, आणि मग भाट्याचा पूल संपेपर्यंत खाडीकडे बघत राहिले. त्या दिवशी मुक्काम माझ्याकडे होता आणि माझ्या घरी जायला तो पूल लागतो. मी त्यांच्या बाजूलाच बसले होते, खांद्याला खांदा लागत होता, आणि तरी मला जमलं नाही.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी मला कामाला लावलं. इथल्या माणसांच्या ओळखीचे वास कुठले, याची यादी करायची, बाटल्या भरायच्या आणि धडधाकट माणसांवर करून बघायचं. आधी निरोगी नाकं चुकत नाहीत याची खात्री, मग पुढचं. मी शाळेच्या प्रयोगशाळेत झाकणाच्या छोट्या बाटल्या मांडल्या. आमसूल, हिंग, लवंग, सुकट, रॉकेल, खोबरेल तेल, सुंठ. आंबा त्यात हवाच, असं आम्हा दोघींनाही वाटलं. पण आंबा बाटलीत टिकत नाही, म्हणून डॉक्टरांनी बाजारात मिळणारा अर्क आणला.

एका शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर आमचे शिक्षक, शिपाई आणि काही पालक रांगेत बसून हुंगायला लागले. सुकटीवर कुणी चुकलं नाही. हिंगावर नाही. रॉकेलवर फक्त दोन तरुण शिक्षिका अडखळल्या, त्यांनी रॉकेल बघितलंच नव्हतं. आणि आंब्याच्या बाटलीवर जवळजवळ सगळेच नापास झाले. पर्याय होते आंबा, फणस, केळं, चिकू. कुणी आंब्यावर खूण करेना. एकाने सगळे पर्याय खोडून लिहिलं, 'चोखायची गोळी'. एकीने लिहिलं, 'आइस्क्रीम'. आमच्या निवृत्त चित्रकलेच्या सरांनी समासात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'आंबा असावा, पण आपल्याकडचा नव्हे.' दोन पालकांचा तर वाद लागला, की आंबाच म्हणायचा असेल तर कुठला, रायवळ की पायरी, आणि झाडावरचा की आढीतला? डॉक्टर कपाळाला हात लावून हसत होत्या. म्हणाल्या, "रत्नागिरीत आंब्याची बाटली ठेवली ही माझीच चूक." त्या रांगेत माझंही नाक तपासलं गेलं होतं. मला सगळे वास आले, आणि आंब्याच्या बाटलीला मीसुद्धा आंबा म्हटलं नव्हतं. तेव्हापासून एक मात्र झालंय. रोज सकाळी चहात आलं किसताना मी बोटं नाकाशी नेते आणि वास आला की मगच गॅस पेटवते. घरात कुणाला हे सांगितलेलं नाही.

ही हकीकत मी बाबांना सांगितली, तेव्हा त्यांचे डोळे हसले. चेहऱ्यावर हसू उमटायला त्यांना आता वेळ लागतो, म्हणून मी डोळ्यांकडे बघायला शिकले आहे. ते म्हणाले, आंबा म्हणून एक वास नसतोच, डॉक्टरीणबाईंना सांग, दिवस विचारा. मग त्यांनी मला वही आणायला सांगितली. गोळीचा असर असतो त्या तासाभरात ते बोलत गेले आणि मी लिहीत गेले. पहिले दोन दिवस नुसता पेंढा, जरा चिकाचा उग्रपणा. चौथ्या दिवशी देठापाशी हिरवट गोडी येते, पण ती फळाजवळ गेल्याशिवाय कळत नाही. सहाव्या-सातव्या दिवशी वास पेंढ्याच्या वर येतो. त्यानंतर आढी सगळ्या खोलीभर बोलायला लागते, तेव्हा खरं जपायचं, कारण त्या सगळ्या गोडव्यात एखादं फळ आंबूस व्हायला लागतं. ते काजूच्या बोंडासारखं आंबूस असेल तर एकटंच आहे. ताकासारखं झालं असेल तर चारपाच गेली.

तेरा वर्षांत त्यांना त्यातलं काही आलेलं नव्हतं. पण सगळं जागच्या जागी होतं. डॉक्टरांनी चाचणीतून आंबा शेवटी वगळला, तो टिकवण्याचा प्रश्न सुटेना. ते पान मात्र त्यांनी माझ्याकडून मागून नेलं.

या वर्षीच्या मे महिन्यात मी माहेरी गेले. भावाने आढी घातली होती, आठवा दिवस होता. सकाळी बाबा ओटीवर बसले होते. भावाने तो केसपेपर वाचला होता, बाबांनीच त्याला वाचायला दिला होता. तो पुढे आला आणि त्याने मांगराची किल्ली बाबांच्या हातात ठेवली.

आम्ही तिघं हळूहळू निघालो. बाबांची पावलं आता आखूड पडतात आणि दाराशी आलं की अडकतात. मी त्यांच्या पावलांपुढे माझा पाय आडवा धरला आणि तो ओलांडून या म्हणाले. डॉक्टरांनी शिकवलेली युक्ती. कुलूप उघडायला मात्र आम्ही दोघांनीही हात पुढे केला नाही. किल्ली भोकाच्या आजूबाजूला बराच वेळ खडखडत राहिली. मग लागली.

बाबा उंबऱ्यात उभे राहिले आणि सवयीने डोळे मिटले. मी त्यांच्या मागे होते. सकाळी मी अंघोळीला साबण लावला नव्हता आणि चहाही घेतला नव्हता. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी म्हणाले, "बाबा, त्या दिवशी इथे मी जे बोलले, ते मी बोलायला नको होतं."

ते वळले नाहीत. "तुझ्या जिभेचं पुष्कळ झालं गो बाय," म्हणाले. "आता नाक दे."

मला रडू येत होतं आणि रडून नाक चोंदलं तर काय उपयोग, म्हणून मी ते आवरलं. पुढे झाले, त्यांच्या शेजारी उभी राहिले, डोळे मिटले. पेंढ्याचा वास आला. मग खोलीभर पसरलेली पिकली गोडी. ती एवढी होती की त्यात दुसरं काही शोधणं मला जमेना. ते थांबले. घाई नको म्हणाले. मी पुन्हा वास घेतला, आणि डाव्या बाजूने, मागून, काहीतरी वेगळं आलं.

"डावीकडे," मी म्हणाले. "मागच्या अंगाला. जरा आंबूस आहे."

"ताक की बोंड?"

मी पुन्हा हुंगलं. "बोंड."

"मग एकच आहे," ते भावाला म्हणाले. "वरच्या थरात बघ. भिंतीशी."

भावाने वाकून अलगद पेंढा बाजूला केला. दोन-तीन फळं उलटी करून बघितली आणि मग एक उचललं. देठाभोवती रुपयाएवढा काळा डाग होता, बाकी आंबा सोन्यासारखा. त्याने तो बाबांच्या हातात दिला. हात थरथरत होता, म्हणून बाबांनी आंबा ओंजळीत धरला, नाकाशी नेला, डोळे मिटून लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "होय. हाच."

त्यांना काही आलं नव्हतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. भावाने पेंढा सारखा केला आणि विचारलं, "बाबा, बाकीची आढी कधी काढू?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा एकदा वास घेतला आणि त्यांना सांगितला. त्यांनी थोडा विचार केला.

"परवा," ते म्हणाले.